नवीन कोरल पहिल्या आठवड्यातच आक्रसतात, काय करू? (ठाणे, २०० लिटर रीफ)

खारट_ठाणेकर
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय कारण डोकं चालेनासं झालंय. खाऱ्या पाण्याचा, कोरलचा (प्रवाळांचा) टँक आहे, २०० लिटरच्या आसपास, खाली छोटा संप (फिल्टरची वेगळी टाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), दोन वेव्हमेकर (पाणी ढवळणारे पंप), वर एलईडी. सुरू करून पाचेक महिने झाले, सायकल (अमोनिया पचवणारे जीवाणू बसायचा काळ) व्यवस्थित झाली, क्लाउन माशांची जोडी आणि एक गोबी मासा मजेत आहेत. प्रश्न फक्त कोरलचा आहे. टाकला की दोन-तीन दिवस छान उघडतो, मग हळूहळू आत ओढला जातो. आधी एक हॅमर (लांब मांसल तंतूंचा दगडी कोरल) असाच गेला. आता मागच्या आठवड्यात दोन डोक्यांचा टॉर्च (हॅमरसारखाच कोरल), झोआचा (छोट्या फुलांच्या गुच्छासारखा कोरल) एक फ्रॅग म्हणजे कापलेला तुकडा आणि टोडस्टूल लेदर (छत्रीसारखा मऊ कोरल) आणलाय. टॉर्च आक्रसलाय, एका डोक्याच्या कडेला पांढरा सांगाडा दिसायला लागलाय, झोआ बंद, लेदरवर मेणासारखा चकचकीत थर आलाय. टॉर्चची जागा बदलून बदलून बघतोय, काही फरक नाही.

रीडिंग: क्षारता (खारेपणा) १.०२५, तापमान २७ ते २९, नायट्रेट ०, फॉस्फेट ०, अल्क म्हणजे अल्कलिनिटी ८ डीकेएच (गेल्या आठवड्यातलं). पाणी घरच्या आरओचं. लाइट रोज १० तास, फुल. मुलगी शाळेतून आली की आधी टँकपाशी जाऊन बघते टॉर्च उघडला का, त्यामुळे काहीही करून हा वाचवायचाय.

प्रवाळप्रेमी
स्वागत आहे. सगळ्यात आधी लेदरची काळजी सोडा, तो मरत नाहीये. टोडस्टूल नवीन जागी गेला की पॉलिप (कोरलवरचे फुलासारखे छोटे जीव) मिटून घेतो, वर तो चकचकीत पापुद्रा येतो आणि काही दिवसांनी सापाच्या कातीसारखा सुटून जातो. त्याखाली साठलेली घाण, शेवाळं सगळं त्याबरोबर निघतं. त्याच्यावर थोडा प्रवाह जाऊ द्या म्हणजे कात लवकर सुटेल, हाताने खरवडू नका.

टॉर्चची गोष्ट वेगळी आहे, तिथे घाई आहे. हे सांगा:
क्षारता कशाने मोजता, काट्याच्या हायड्रोमीटरने की रिफ्रॅक्टोमीटरने?
आरओला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज आहे का?
टॉर्चवर वेव्हमेकर थेट मारतोय का?
आणि तो सांगाडा दिसतोय तिथे तपकिरी, चिकट, जेलीसारखं काही आहे का? हे आत्ता उठून बघा आणि लिहा.

खारट_ठाणेकर
काट्याचाच हायड्रोमीटर आहे. आरओ स्वयंपाकघरातला, त्यावर "मिनरल" काहीतरी लिहिलंय खरं. वेव्हमेकर समोरच्या काचेवर आहे आणि टॉर्च त्याच्या बरोबर समोर येतो. जेली... हो, जरा तपकिरी कफासारखं लोंबतंय एका डोक्यावर. मला वाटलं खाणं अडकलंय.

प्रवाळप्रेमी
ते खाणं नाही, ब्राउन जेली आहे. हॅमर, टॉर्च, फ्रॉगस्पॉन यांना जखम झाली की हे होतं आणि एका डोक्यावरून दुसऱ्यावर जातं, कधीकधी एका रात्रीत. आत्ता करायचं ते असं. सगळे वेव्हमेकर बंद करा, नाहीतर ती घाण टँकभर उडेल. बारीक नळीने किंवा मोठ्या सिरिंजने जेली ओढून बाहेर टाका, टँकमध्ये परत सोडू नका. मग टॉर्च बाहेर काढा, टँकच्याच पाण्यात एका डब्यात धरा, उरलेलं सिरिंजने पाणी मारून धुवा. दोन्ही डोक्यांच्या फांद्या वेगळ्या असतील तर आजारी डोकं खालून सांगाड्यातून कापून टाका, चांगल्या डोक्याच्या मांसाला कटर लागू देऊ नका. चांगल्याला आयोडीनवाल्या कोरल डिपमध्ये (कोरल बुडवून धुवायचं औषध) बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ ठेवा. डिपचं पाणी टँकमध्ये टाकायचं नाही.

परत ठेवताना वाळूवर, कडेला, जिथे त्याचे तंतू डुलतील पण एकाच बाजूला दाबले जाणार नाहीत अशा जागी. थेट झोत लागला की मऊ मांस सतत सांगाड्याच्या धारदार पाकळ्यांवर घासतं आणि फाटतं, तुमच्याकडे सुरुवात तिथूनच झाली असणार. आणि एकदा ठेवला की हात लावायचा नाही. दोन-तीन आठवडे तिथेच.

निळी_लाट
प्रवाळप्रेमींनी तातडीचं सांगितलंच आहे, मी मुळावर येते. दादा, तुमची सगळी रीडिंग कागदावर छान दिसतात पण मला त्यातलं एकही खात्रीचं वाटत नाही. काट्याच्या हायड्रोमीटरवर एक बुडबुडा चिकटला तरी काटा वर उचलला जातो आणि क्षारता आहे त्यापेक्षा जास्त दिसते. म्हणजे तुम्हाला १.०२५ दिसतंय तेव्हा खरी कितीतरी कमी असू शकते. रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) कॅलिब्रेशन सोल्युशनने सेट करा, नुसत्या आरओ पाण्याने शून्य लावला तर वरच्या टोकाला चुकतो. रीफला ३५ पीपीटी म्हणजे १.०२६ च्या किंचित वर, तिथे ठेवा.

घरचा आरओ हा तर जवळपास प्रत्येक नवीन माणसाचा प्रश्न असतो. पिण्याच्या आरओत टीडीएस कंट्रोलर असतो तो चवीसाठी मुद्दाम थोडं कच्चं पाणी मिसळतो, मिनरल कार्ट्रिज वरून आणखी क्षार सोडतं. पिण्याला ठीक, पण आपल्याला ० टीडीएस पाहिजे. रोज बाष्पीभवन होतं ते फक्त पाण्याचं, क्षार टँकमध्येच राहतात, वरून रोज तुम्ही त्याच पाण्याने टॉपअप करता, म्हणजे सिलिकेट, फॉस्फेट, कुठल्या पितळी जोडातून आलेलं तांबं असेल तर तेही, सगळं साठत जातं. मेम्ब्रेननंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावलेलं वेगळं आरओडीआय युनिट बसवा, रंग बदलणारं रेझिन घ्या म्हणजे संपलं की डोळ्यांना दिसतं. सोसायटीत टँकरचं पाणी येत असेल तर रेझिन फार लवकर संपतं, ते गृहीत धरा. तीन-चारशे रुपयांचा टीडीएस पेन आणा आणि आजच तुमचं पाणी मोजा.

खारट_ठाणेकर
जेली ओढून काढली, आजारी डोकं कापलं, दुसरं डिप करून वाळूवर ठेवलंय. हात थरथरत होते कापताना. टीडीएस पेन शेजाऱ्याकडे होता, पाणी ७२ दाखवतंय. रिफ्रॅक्टोमीटर मागवला.

पण नायट्रेट, फॉस्फेट शून्य आहे म्हणजे पाणी स्वच्छ ना? ते तर चांगलंच असेल?

निळी_लाट
नाही, रीफमध्ये शून्य हे चांगलं नाही. कोरलच्या पेशींमध्ये राहणारं शैवाल, झूझँथेली, त्यालाही नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. पाण्यात काहीच नाही आणि वर लाइट फुल, हे दोन्ही एकत्र आलं की कोरल फिका पडत जातो. शिवाय शून्यावर राहिलेल्या टँकमध्ये डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव) येतात, वाळूवर तपकिरी शेंबडासारखे तंतू आणि त्यात बुडबुडे, दिवसा वाढतात रात्री कमी होतात, ते घालवताना नाकी नऊ येतात. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या मध्ये कुठेतरी असू द्या. माशांना जरा जास्त खायला घाला, स्किमर थोडा कमी चालवा, येईल आपोआप.

लाइट आजच निम्म्याच्या खाली आणा. दुकानात ते फ्रॅग मंद, निळ्या उजेडात ठेवलेले असतात, तिथून थेट तुमच्या फुल एलईडीखाली म्हणजे झूझँथेलीवर एकदम मार बसतो, पेशी ती बाहेर टाकतात आणि कोरल पांढरा पडतो. ४० टक्क्यांवर ठेवा, दर आठवड्याला पाच-पाच टक्के वाढवा. बहुतेक एलईडींच्या अ‍ॅपमध्ये अ‍ॅक्लिमेशन मोड असतो, तो वापरा. टॉर्चला १०० पीएआरच्या (प्रकाशसंश्लेषणाला लागणाऱ्या उजेडाचं माप) आसपास पुष्कळ झालं, झोआ आणि लेदरला त्याहून कमीही चालतं. अ‍ॅक्रोसारख्या एसपीएसला (बारीक पॉलिपच्या दगडी कोरलला) २०० ते ३५० लागतात, पण ते सध्या विसरा.

सायन_रीफ
मला एक कळत नाही, कोणीच ड्रिप अ‍ॅक्लिमेशनबद्दल का बोलत नाहीये? मी नवीन कोरल आला की दोन तास थेंब थेंब पाणी सोडतो आणि मग टाकतो, माझ्याकडे असं होत नाही. तुम्ही किती वेळ ड्रिप केलंत?

जर्सीकर
सायन_रीफ, दुकानातून अर्ध्या तासात घरी आणला असेल तर तुमच्या दोन तासांनी बिघडत नाही. पण कुरिअरने पिशवीत रात्रभर प्रवास करून आलेल्या कोरलला लांबलचक ड्रिप उलट त्रास देतं, कारण सांगतो. बंद पिशवीत श्वसनाने कार्बन डायऑक्साइड वाढतो, पाण्याचा पीएच खाली येतो, त्याच वेळी अमोनियाही साठत जातो. पीएच कमी असेपर्यंत तो बहुतेक अमोनियम स्वरूपात असतो, फारसा विषारी नाही. पिशवी उघडली, हवा लागली, वरून तुमचं ८.२ पीएचचं पाणी मिसळायला लागलं की पीएच चढतो आणि तोच साठा विषारी अमोनियात बदलतो, आणि तुम्ही कोरलला दोन तास त्यातच बसवलेलं असतं.

मी इथे बहुतेक ऑनलाइनच मागवतो. पिशवी न उघडता १५-२० मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवायची, तापमान जुळलं की उघडून क्षारता मोजायची, फार फरक नसेल तर सरळ टँकच्या पाण्यात बनवलेल्या डिपमध्ये आणि मग टँकमध्ये. पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये. क्षारतेत मोठा फरक असेल तर पंधरा-वीस मिनिटांत टप्प्याटप्प्याने, त्याहून जास्त नाही. कोळंबी, शंख यांना सावकाश ड्रिप लागतं, कोरलला तेवढं नाही.

सायन_रीफ
हे पटलं. माझे सगळे इथल्याच दुकानातले, त्यामुळे मला कधी जाणवलं नसणार. पण डिप मी कधी करत नाही, चांगल्या कोरलला उगाच औषधात का बुडवायचं?

जर्सीकर
कारण कीड उघड्या डोळ्यांना दिसत नाही. झोआ खाणारा नुडिब्रँक (शंख नसलेली समुद्री गोगलगाय) ज्या झोआवर बसतो त्याचाच रंग घेतो, काही मिलिमीटरचा जीव, पाठीवरची बोटं हुबेहूब झोआच्या झालरीसारखी. मिटलेल्या पॉलिपच्या बुडाशी बारीक पांढरं अंड्यांचं वेटोळं दिसलं तर समजा आलाच. अ‍ॅक्रोवरचे फ्लॅटवर्म तर पारदर्शक असतात, चावल्याचे फिके गोल डाग दिसतात तेवढीच खूण. डिपमध्ये ठेवून सिरिंजने पाण्याचा फवारा मारा, पांढऱ्या डब्यात तळाशी काय काय पडतं ते बघितल्यावर पुन्हा कधी डिपशिवाय टाकणार नाही.

पण डिपने अंडी मरत नाहीत, हे लक्षात ठेवा. म्हणून जमेल तिथे फ्रॅगचा जुना प्लग (फ्रॅग चिकटवलेली छोटी बैठक) तोडून टाकायचा, अंडी आणि एप्टेशिया (टँकभर पसरणारं नकोसं समुद्रफूल) बहुतेक वेळा प्लगवरच असतात, आणि फ्रॅग नवीन प्लगवर सुपरग्लू जेलने चिकटवायचा. जागा असेल तर छोट्या वेगळ्या टँकमध्ये काही आठवडे ठेवून दर आठवड्याला पुन्हा डिप.

खारट_ठाणेकर, तुमचे झोआ आठवडा उलटूनही बंद आहेत ना, रात्री टँकचा लाइट बंद झाल्यावर बॅटरीचा उजेड मारून त्यांच्या बुडाशी नीट बघा.

प्रवाळप्रेमी
झोआचा विषय निघालाय तर एक गोष्ट सगळ्यांसाठी लिहितो आणि ही गंमतीने घेऊ नका. झोआ आणि विशेषतः त्यांचे जातभाई पॅलिथोआ (पॅली) यांच्यात पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक. फ्रॅग कापताना, प्लग तोडताना हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय बसू नका, हातावर जखम असेल तर मुळीच नाही, आणि लहान मुलांना लांब ठेवा. दगडावर पॅली पसरलेत म्हणून तो दगड उकळत्या पाण्यात टाकायचा किंवा ब्रशने घासायचा सल्ला कुठे वाचलात तर तो ऐकू नका, वाफेतून आणि तुषारांतून विष श्वासात जातं, अख्खं घर आजारी पडू शकतं.

खारट_ठाणेकर
बापरे, हे माहीतच नव्हतं. मुलीला आधी सांगतो टँकमध्ये हात घालायचा नाही. रात्री बघून लिहितो.

कोकणी_ऑक्टोपस
मी टँक ठेवत नाही, मालवणला डायव्हिंगमध्ये काम करतो, पण हा धागा मन लावून वाचतोय. एक विनंती करायची होती. इथे पर्यटक विचारतात, "एवढासा तुकडा नेला घरच्या टँकला तर काय होतंय?" आपल्या समुद्रातला कुठलाही दगडी प्रवाळ, समुद्रपंखा, काळा प्रवाळ हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. मेलेला तुकडासुद्धा उचलता येत नाही. मुंबईत कोस्टल रोडच्या वेळी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरचे प्रवाळ २०२० मध्ये दुसरीकडे हलवले, त्यालाही वन खात्याची परवानगी घेऊन, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांकडून करावं लागलं. बाहेरून आयात होणाऱ्या दगडी कोरलला सायटिसचे (वन्यजीव व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) कागद लागतात. दुकानदाराकडे बिल आणि कागद मागा, आणि शक्यतो कोणाच्या तरी टँकमध्ये वाढवून कापलेले फ्रॅगच घ्या.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे, तिथला प्रवाळ दर पावसाळ्यात गढूळ पाणी, नद्यांचं गोडं पाणी सगळं सोसतो. पण उन्हाळ्यात पाणी नेहमीच्या कमाल तापमानाच्या एखादा अंशच वर जाऊन काही आठवडे तसंच राहिलं की पांढरा पडायला लागतो. २०२४ मध्ये लक्षद्वीपला असंच झालं.

निळी_लाट
खूप छान लिहिलंत दादा. आणि तुमचं फ्रॅगचं म्हणणं टिकण्याच्या दृष्टीनेही बरोबर आहे, टँकमध्ये वाढलेला फ्रॅग समुद्रातून आलेल्या वसाहतीपेक्षा कितीतरी काटक असतो.

तापमानाचा मुद्दा ठाणेकरांनाही लागू आहे. २९ ने लगेच काही मरत नाही, पण रोज दुपारी २९ आणि पहाटे २७ हा झोका नवीन कोरलला नको. मी पुण्यात, इथे एप्रिल-मेमध्ये पाण्यावर नुसते दोन पंखे लावले की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. ठाण्या-मुंबईच्या दमट हवेत पंख्याचा तेवढा उपयोग होत नाही, जून-जुलैमध्ये तर नाहीच, तिकडे चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) किंवा खोलीचा एसी. चिलर २६ ला लावून सोडून द्या.

खारट_ठाणेकर
अपडेट देतो. रिफ्रॅक्टोमीटर आला, ३५ च्या सोल्युशनने सेट केला, आणि टँक ३० पीपीटी निघाला! हायड्रोमीटर अजूनही १.०२५ च दाखवतोय. अल्क पुन्हा मोजलं तर ६.४. झोआवर रात्री एकच नुडिब्रँक सापडला, जर्सीकरांनी सांगितला तस्साच, मी आधी त्याला पॉलिपच समजलो असतो. डिप केला, प्लग बदलला, हातमोजे-चष्मा घालून. लेदरची कात निम्मी सुटलीये आणि खालून पॉलिप डोकावताहेत.
आता ३० चे ३५ एकदम करू का? आणि अल्क कसं वाढवू?

प्रवाळप्रेमी
एकदम नाही. रोज टॉपअपला गोड्या पाण्याऐवजी ३५ चं मीठ-पाणी घाला, बाष्पीभवन आपलं काम करत राहील आणि क्षारता आपोआप चढेल. दिवसाला एक पीपीटीच्या वर जाऊ देऊ नका, रोज मोजा. मीठ मिसळताना लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम धरा, बादलीत पॉवरहेड (पाण्यात बुडणारा छोटा पंप) टाकून पूर्ण विरघळू द्या, पाणी स्वच्छ दिसल्यावर मोजा. आणि मिठाची बादली पावसाळ्यात घट्ट बंद ठेवा, तुमच्याकडे हवेतला ओलावा ओढून त्याचे गठ्ठे होतात आणि वजनावर भरवसा राहत नाही.

क्षारता वर आली की अल्क, कॅल्शियम, मॅग्नेशियम तिन्ही बरोबर वर येतील, म्हणून आत्ता अल्कसाठी वेगळं काही टाकू नका. ३५ झाल्यावर तिन्ही मोजा. कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० च्या आसपास. अल्क तेव्हाही कमी असलं तर शुद्ध खायचा सोडा चालतो, १०० लिटरला ३ ग्रॅमने १ डीकेएच (अल्क मोजायचं एकक) वाढतं, म्हणजे तुमच्या टँकला ६ ग्रॅम. आरओडीआय पाण्यात विरघळवून प्रवाहाच्या जागी हळूहळू सोडा, आणि दिवसात अर्ध्या डीकेएचच्या वर नको. बेकिंग पावडर वेगळी, तिच्यात इतर गोष्टी असतात, ती नाही.

अल्क ७.५ ठेवा नाहीतर ९ ठेवा, कोरलला दोन्ही चालतं, आज ७ उद्या ९ परवा पुन्हा ७ हे चालत नाही. बाटलीवरचं "आदर्श" गाठायला धावू नका, आहे ते स्थिर ठेवा. माझा या सगळ्या वर्षांतला अनुभव असा की नवीन कोरल पाण्यातल्या एखाद्या आकड्यापेक्षा आपण रोज करत असलेल्या बदलांनी जास्त मरतात.

सायन_रीफ
+१. आणि टॉर्चला लगेच भरवायला जाऊ नका. आठवडाभर काही देऊ नका, तंतू पूर्ण बाहेर यायला लागले की वेव्हमेकर बंद करून मायसिसचा (कोळंबीसारखं बारीक खाद्य) एखादा तुकडा हळूच सोडा. जबरदस्तीने भरवलं की ओकून टाकतो आणि ते कुजतं.
माझीही ऑर्डर गेली, डिपची बाटली आणि पांढरा डबा.

खारट_ठाणेकर
क्षारता आता ३४ वर आहे, सावकाश चालू आहे. आरओडीआय बसवला, टीडीएस ०. लाइट ४५ टक्के. नायट्रेट ३ दिसायला लागलं. टॉर्चचं उरलेलं डोकं कालपासून दुपारी अर्ध्याहून जास्त उघडतंय, जेली परत आलेली नाही. झोआ बहुतेक सगळे उघडे, पाच-सहा पॉलिप गेले. मुलीने टॉर्चचं चित्र काढून टँकच्या स्टँडवर चिकटवलंय. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

आता एक शेवटचं. गणपतीला आठ-दहा दिवस गावी देवगडला जातो आम्ही, घर बंद असतं. तोवर एक हॅमर घ्यायचा विचार होता. आणि टॉपअपचं काय करू?

निळी_लाट
हॅमर परत आल्यावर घ्या. निघायच्या आधीचे तीन-चार आठवडे टँकमध्ये काहीही नवीन नको, ना कोरल, ना मासा, ना नवीन लाइट.

टॉपअपला एटीओ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) बसवा, पण एक हिशेब करा. रोज ३ लिटर उडतात धरलं तर आठ दिवसांना २४-२५ लिटरचा डबा लागतो, आणि सेन्सर अडकून तो सगळा एकदम टँकमध्ये गेला तर ३५ ची क्षारता ३१ वर येते. म्हणून दोन सेन्सरवाला घ्या किंवा पंपाच्या नळीला वरून एक मेकॅनिकल फ्लोट व्हॉल्व्ह लावा. निघण्याच्या आदल्या दिवशी नाही, दोन आठवडे आधी लावा आणि रोज बघा.

ठाण्यात वीज फारशी जात नसली तरी बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप लावूनच जा. ज्यांच्याकडून टीडीएस पेन घेतलात त्या शेजाऱ्यांना किल्ली द्या, माशांचं खाणं दिवसागणिक पुड्या बांधून ठेवा आणि डबा लपवून जा, कारण प्रेमापोटी माणूस जास्तच घालतो. परत आल्यावर आधी क्षारता आणि अल्क मोजून इथे टाका, मग हॅमरचं बघू.